जुन्या मालकाचें तेल

दुसऱ्यानें वापरलेली वस्तु विकत घेणाऱ्यापुढें एक असा प्रश्न उभा राहतो, कीं जो नवी वस्तु घेणाऱ्यापुढें सहसा येत नाहीं. नवी वस्तु घेणारा केवळ वस्तु घेतो. जुनी घेणारा त्या वस्तूबरोबर तिचा भूतकाळहि पदरांत घेतो. हा भूतकाळ त्यानें स्वतः पाहिलेला नसतो. विकणारा सांगेल तेवढाच तो त्याला कळतो. तेव्हां विकणाऱ्याचें सांगणें कोठपर्यंत मानावें आणि त्यावर आपलें वर्तन कितपत उभारावें, हा प्रश्न व्यवहाराचा जितका आहे तितकाच नीतीचाहि आहे. जुनें घर, जुनी विहीर, चालतें दुकान, फार काय, दुसऱ्यानें सोडलेली अधिकाराची जागा, ह्या सर्वांच्या बाबतींत तो उद्भवतो. परंतु तो अगदीं लहान, आणि म्हणूनच अगदीं स्पष्ट स्वरूपांत पाहावयाचा असेल, तर जुन्या मोटारीच्या इंजिनांतील तेलाकडे पाहावें.

ह्या गोष्टीकडे माझें लक्ष गेलें तें एका परिचित कुटुंबांत झालेल्या मतभेदामुळें. हें कुटुंब छत्रपति संभाजीनगरच्या पश्चिमेस, छावणीच्या पलीकडे, दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावरील पडेगांवांत राहतें. घरांतील मुलाला वेगवान मोटारींची लहानपणापासून आवड. नोकरींतून पैसे साठवून त्यानें स्कोडा कंपनीची ऑक्टाव्हिया आर. एस. ही जुनी गाडी नाशिकच्या एका गृहस्थांकडून विकत घेतली. ऑक्टाव्हिया हें नांव ह्या शहराला परकें नाहीं. ती २००१ सालीं हिंदुस्थानच्या बाजारांत आली, आणि तिची जुळणी ह्याच शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यावरील शेंद्र्याच्या कारखान्यांत होत असे. आर. एस. ही त्याच घराण्यांतली, पण वेगाची हौस असणाऱ्यांसाठीं काढलेली. तिच्या १.८ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला टर्बोची जोड आहे. परक्या माणसाला ती चारचौघींसारखी घरगुती मोटार दिसते. ज्याला तिचा नाद आहे त्याच्या लेखीं मात्र ती स्पोर्ट्स कारच.

विकणारे गृहस्थ वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याचे चिरंजीव. त्यांनीं बापलेकांना घरीं जेवूं घातलें, कागदपत्रें दाखविलीं, आणि निघतांना सांगितलें, "ऑइल मागच्याच महिन्यांत बदललंय. आतां वर्षभर बघायला नको." मुलानें गाडी पडेगांवला आणली, आणि पहिल्याच रविवारीं तें तेल काढून टाकण्याचा बेत केला. वडिलांना हें मुळींच रुचलें नाहीं. "अरे, ज्याच्या घरीं आपण जेवलों त्याच्या शब्दावर आपला चार दिवसांचासुद्धां भरंवसा नाहीं का? आणि चांगलं तेल फेकून द्यायचं, हा कुठला शहाणपणा?" मुलाचें उत्तर थोडक्यांत होतें. "अण्णा, मी त्यांना खोटं म्हणत नाहीं. मला माहीत नाहीं, एवढंच म्हणतों."

वडिलांचे आक्षेप दोन आहेत, आणि दोन्ही वजनदार आहेत. एक काटकसरीचा, दुसरा सौजन्याचा. त्यांचा विचार करण्यापूर्वीं हें तेल इंजिनांत करतें तरी काय, हें पाहिलें पाहिजे.

बैलगाडीच्या आंसाला वंगण लागतें तें घर्षण कमी व्हावें म्हणून. मोटारीच्या तेलाचें पहिलें काम तेंच आहे. पण तें एकच नव्हे. धातूचे दोन भाग एकमेकांना घासूं नयेत म्हणून तें त्यांच्यामध्यें पातळ पडद्यासारखें राहतें. आंतील उष्णता वाहून नेतें, गंज रोखतें, आणि इंधन जळतांना उरणारी काजळी व बारीक मळ आपल्यांत सामावून घेतें. हा मळ इंजिनाच्या भिंतींना चिकटूं नये, तेलांतच तरंगत राहावा, अशा द्रव्यांचें मिश्रण त्यांत मुद्दाम केलेलें असतें. टर्बोच्या गाडींत ह्या तेलावरचा भार आणखी वाढतो. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरानें टर्बोचें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें, आणि तें ज्या दांड्यावर फिरतें त्याला तेलाच्या पडद्याखेरीज दुसरा आधार नसतो. तेल थकलेलें असेल तर तें तेथील उष्णतेनें करपतें, त्याचे थर बसतात, अरुंद वाटा बुजतात, आणि एके दिवशीं कसलीहि पूर्वसूचना न देतां मोठा खर्च उभा राहतो.

तेल थकतें तें केवळ धावण्यानें नव्हे. गाडी उभी राहिली तरी हवेशीं संयोग होऊन तें बिघडतें. थोड्या थोड्या अंतरांच्या फेऱ्यांत इंजिन पुरें तापत नाहीं, म्हणून पाण्याचा अंश व न जळलेलें पेट्रोल त्यांत मिसळत राहतें. म्हणूनच इतके किलोमीटर किंवा इतके महिने, ह्यांपैकीं जें आधीं भरेल तेव्हां तेल बदलावें, असा नियम असतो. आणि ह्या प्रकरणांतील खरी अडचण अशी आहे, कीं तेलाकडे नुसतें पाहून त्याची स्थिति कळत नाहीं. गेजची पट्टी तेल किती आहे तें सांगते. कसें आहे तें सांगत नाहीं. काळा रंगहि पुरावा नव्हे. ज्या तेलानें मळ उचलला तें काळें होणारच. तें आपलें काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. उलट, सोनेरी दिसणारें तेल चुकीच्या प्रतीचें असूं शकेल.

आतां विकणाऱ्याच्या शब्दाकडे वळूं. 'मागच्याच महिन्यांत ऑइल बदललें,' हें वाक्य पूर्णपणें प्रामाणिक असूं शकतें, आणि तरीहि त्यावर इंजिन सोंपवतां येईल असें नसतें. कोणत्या प्रतीचें तेल घातलें? बरोबर फिल्टरहि बदलला काय? काम डोळ्यांदेखत झालें, कीं गाडी सकाळीं गॅरेजमध्यें सोडून संध्याकाळीं आणली? बहुतेक मालकांना ह्या प्रश्नांचीं उत्तरें देतां येत नाहींत, कारण तेहि कोणा तिसऱ्याच्या शब्दावरच विसंबलेले असतात. माणसाचा सच्चेपणा आणि माणसाचें ज्ञान ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण ज्याला भला म्हणतों तो खोटें बोलणार नाहीं, एवढीच हमी त्याच्या भलेपणानें मिळते. जें त्याला ठाऊक नाहीं तें त्याच्या भलेपणामुळें ठाऊक होत नाहीं. वडिलांच्या रागाचें मूळ ह्या दोन गोष्टींची गल्लत होण्यांत आहे. मुलाच्या 'मला माहीत नाहीं' ह्या शब्दांत विकणाऱ्याच्या शीलाविषयीं कांहींच विधान नाहीं. तें विधान मुलाच्या स्वतःच्या स्थितीविषयीं आहे.

खरेदी-विक्रींत कोणी काय सांगावें, हा वाद पुरातन आहे. रोमन लेखक सिसेरो ह्यानें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत बाबिलोनचा डायोजिनीस व त्याचा शिष्य अँटिपेटर ह्यांच्यांतील मतभेद दिला आहे. घर विकणाऱ्याला घराचे दोष माहीत आहेत, घेणाऱ्याला नाहींत. विकणाऱ्यानें ते सांगावेत काय? कायदा सांगावयास लावील तेवढेंच सांगावें आणि फसवणूक करूं नये, एवढें पुरे, असें गुरूचें मत. सर्व सांगितलेंच पाहिजे, असें शिष्याचें. सिसेरो स्वतः शिष्याकडे झुकतो. मनुस्मृतींत वादांचे जे अठरा विषय सांगितले आहेत त्यांत क्रयविक्रयानुशय हा एक आहे. खरेदी किंवा विक्री केल्यावर मन फिरलें, तर दहा दिवसांच्या आंत वस्तु परत देण्याघेण्याची मुभा तेथें आहे. आपला १९३० चा मालविक्रीचा कायदा मात्र सामान्य नियम असा घालतो, कीं मालाच्या गुणाची हमी, कांहीं अपवाद सोडले तर, गृहीत धरली जात नाहीं. घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवून घ्यावें.

ह्या सर्व विवेचनांत एक गोष्ट मात्र राहून जाते. तें बहुतेक सारें विकणाऱ्याच्या कर्तव्याविषयीं आहे, किंवा घेणाऱ्याच्या हक्काविषयीं आहे. घेणाऱ्याचें कांहीं कर्तव्य आहे काय, हें कोणी फारसें विचारीत नाहीं. माझ्या मतें तें आहे. आणि जुन्या मालकाचें तेल काढून टाकणें हें त्या कर्तव्याचें एक साधें उदाहरण आहे.

मोटारीची मालकी बदलते केव्हां? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमान्वयें, गाडी त्याच राज्यांतली असेल तर देणाऱ्यानें चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत हस्तांतर परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. त्यासाठीं २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरले जातात. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं असें स्पष्ट केलें आहे, कीं दप्तरीं ज्याचें नांव आहे, अपघाताच्या दायित्वापुरता तोच मालक. गाडी त्यानें विकून टाकली असली तरी. कायद्याला असा एक ठाम क्षण लागतो, कारण त्याविना 'हें माझें नव्हे, त्याचें' असें दोघेहि म्हणत राहतील आणि ज्याला इजा झाली तो मध्येंच राहील.

अंतःकरणालाहि तसा एक क्षण लागतो, आणि तो परिवहन कार्यालय देऊं शकत नाहीं. समजा, मुलानें वडिलांचें ऐकलें, आणि सहा महिन्यांनीं टर्बो बिघडला. तेव्हां काय होईल? तेल खरोखर बदललें होतें काय, ह्याविषयीं शंका निघेल. नाशिकला फोन जाईल. ज्या शब्दाचा मान राखावयाचा म्हणून तेल तसेंच ठेवलें, त्याच शब्दावर संशयाची राळ उडेल. दोन घरांचा जुना स्नेह एका न सुटणाऱ्या प्रश्नाभोवतीं झिजत राहील. न सुटणाऱ्या म्हणतों, कारण सहा महिन्यांनीं त्याचा निकाल लावणें कोणालाच शक्य नसतें. उलट, पहिल्याच रविवारीं तेल बदललें, तर त्या दिवसापासून तेलाविषयींचा हिशेब एकट्या मुलाचा. पुढें जें बिघडेल त्यासाठीं तो नाशिककडे बोट दाखविणार नाहीं. वडिलांना जो अविश्वास वाटला तो वस्तुतः दोषारोपाच्या हक्कावर आपण होऊन सोडलेलें पाणी आहे. आणि तें सोडण्यासाठीं मुलानें चार-साडेचार लिटर तेलाची, एका फिल्टरची व अर्ध्या दिवसाच्या श्रमांची किंमत मोजली आहे. ज्यानें कांहीं किंमत मोजली नाहीं, त्यानें जबाबदारी घेतल्याचें नुसतें सांगितलें, असें म्हणावें लागेल.

काटकसरीच्या आक्षेपालाहि उत्तर ह्यांतच आहे. चांगली वस्तु टाकूं नये, ही आपल्या घरांची शिकवण योग्यच आहे. पण ती वस्तु चांगली आहे हें ठाऊक असलें तरच ती लागू पडते. भातुकलीच्या खेळांतला भात आणि ताटांतला भात ह्यांत जो भेद, तोच ठाऊक असलेल्या आणि केवळ मानलेल्या चांगुलपणांत आहे. शिवाय, काटकसर म्हणजे लहान खर्च टाळणें नव्हे. कोणता लहान खर्च मोठ्या नुकसानीच्या आड उभा आहे, हें ओळखणें म्हणजे काटकसर.

मुलानें तें काम स्वतःच्या हातांनीं, घरामागच्या फरशीवर केलें. इंजिन थोडा वेळ चालवून तेल कोमट केलें, म्हणजे तें पातळ होऊन मळासकट खालीं उतरतें. पुढचा भाग जॅकनें उचलून पक्क्या स्टँडवर टेकविला. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये, हा नियम त्यानें काटेकोरपणें पाळला. चेंबरचा नट सोडला, जुना फिल्टर काढला, नव्या फिल्टरच्या रबरी कडीला तेलाचें बोट लावून तो हातानेंच आवळला, नटाला नवा वॉशर घातला. तेल भरून, इंजिन सुरू करून, कोठें गळत नाहीं ना तें पाहिलें, आणि मग इंजिन बंद करून, थोडें थांबून पट्टी तपासली. पडेगांवाहून माळीवाड्याजवळ समृद्धि महामार्गावर चढतां येतें. तेथें ताशीं १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. अशी गाडी घेणाऱ्याला पहिल्या दिवशींच तेथें जाण्याचा मोह होणार, हें सांगावयास नको. तो मोह आवरून आधीं गाडीखालीं पाठ टेकणें ह्यांत हौसेचा त्याग नाहीं. हौस आणि हव्यास ह्यांतला फरक आहे. ज्याला वस्तूचा केवळ उपभोग हवा त्याला तिची खालची बाजू पाहण्याची इच्छा होत नाहीं.

वाचक विचारतील, कीं निघालें काय? तेल काळें निघालें. त्यांत धातूची चकाकी नव्हती, म्हणजे आंतले भाग झिजून पडत नव्हते. तें दुधाळ नव्हतें, म्हणजे त्यांत पाणी शिरलें नव्हतें. पण तें महिन्याभरापूर्वींचें होतें कीं वर्षापूर्वींचें, हें त्याच्या काळेपणावरून ठरण्याजोगें नव्हतें. नाशिकचे गृहस्थ खरे ठरले नाहींत, खोटेहि ठरले नाहींत. मला हा शेवट समाधानकारक वाटतो. कृति योग्य होती कीं नाहीं, हें तेल कसें निघालें ह्यावर अवलंबून नव्हतेंच. निघालेलें तेल अगदीं ताजें असतें, तरीहि ती योग्यच ठरली असती.

हाच विचार मोटारीपलीकडे नेऊन पाहूं. आपण सारेच दुसऱ्यांनीं वापरलेल्या वस्तूंचे वारस आहोंत. नवा मुख्याध्यापक जुन्याची शाळा घेतो, नवा कार्यवाह जुन्याचें ग्रंथालय घेतो, नवी पिढी जुन्या पिढीचें शहर घेते. अशा वेळीं दोन वृत्ति नेहमीं आढळतात. एक म्हणजे, 'मागच्यांनीं सर्व नीट ठेवलें आहे,' असें म्हणून तपासणी न करतां पुढें चालणें. ह्याला आपण आदर म्हणतों. दुसरी म्हणजे, कांहीं बिघडलें कीं 'हें मागच्यांनीं केलें,' असें म्हणणें. ह्याला आपण चिकित्सा म्हणतों. वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या ह्या वृत्ति पुष्कळदां एकाच माणसांत एकामागून एक येतात, कारण दोहोंच्या मुळाशीं स्वतःचा हात काळा करण्याचा कंटाळाच असतो. मलिक अंबरनें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकी, म्हणजे आजचें हें शहर, वसविलें आणि त्यासाठीं डोंगरापासून भूमिगत नहर आणली. त्या नहरीला आंत उतरून सफाई करतां यावी म्हणून ठिकठिकाणीं तोंडें ठेवलेलीं होतीं. बांधणाऱ्यानें जणूं गृहीतच धरलें होतें, कीं पुढें येणारा आपल्या कामाची स्तुति करीत न बसतां आंत उतरून पाहील. आज तिचा बराच भाग निकामी आहे. बांधणाऱ्याविषयींचा अभिमान शहरांत उणा नाहीं. उणीव पडली ती आंत उतरणारांची.

एक गोष्ट अजून सांगावयाची राहिली. काढलेल्या तेलाचें काय करावें? आपल्याकडे हें जळकें ऑइल वाळवीसाठीं लाकडांना फांसतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, आणि उरलेलें बिनदिक्कत गटारांत किंवा मातींत ओततात. २०१६ च्या घातक कचऱ्यासंबंधींच्या नियमांप्रमाणें असें तेल घातक पदार्थांत मोडतें. तें परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेलें पाहिजे. तेथें शुद्ध होऊन त्याचें पुन्हां वंगण बनूं शकतें. पडेगांवाहून शहरांत येतांना खाम नदी ओलांडावी लागते. ती पुढें गोदावरीला मिळते. आणि ह्या शहराचें पिण्याचें पाणी गोदावरीवरच्या नाथसागरांतून येतें. ज्यानें दुसऱ्याचा अज्ञात भूतकाळ आपल्या इंजिनांत ठेवण्याचें नाकारलें, त्यानें तोच भूतकाळ नाल्यावाटे परक्यांच्या पाण्यांत सोडावा, ह्यासारखी विसंगति नाहीं. जबाबदारी घेतली असें म्हणून ती खालच्या उताराला लावून देणें म्हणजे ती घेणें नव्हे. मुलानें तें तेल झांकणाच्या डब्यांत भरून, असें तेल रीतसर गोळा करून पुढें पाठविणाऱ्या गॅरेजकडे पोंचविलें. ह्या कामासाठीं मात्र वडील स्वतः बरोबर गेले.

मुलानें एक वहीहि घातली आहे. तारीख, किलोमीटरचा आंकडा, तेलाची प्रत, फिल्टर बदलल्याची नोंद, आणि खरेदीच्या पावत्या. ही वही गाडीबरोबर कधीं ना कधीं तिसऱ्या माणसाच्या हातीं जाईल. अँटिपेटरला अपेक्षित असलेलें विकणाऱ्याचें कर्तव्य त्या दिवशीं ह्या मुलाच्या हातून आपोआप पार पडेल. परंतु तो तिसरा माणूस शहाणा असेल तर वही वाचील, आभार मानील, आणि घरीं जाऊन पहिल्या रविवारीं तेल बदलील. तें कळल्यावर ह्या मुलाला राग येतो कीं आनंद होतो, ह्यावरून तो आज जें म्हणतो तें त्यानें कितपत मनापासून म्हटलें, हें ठरेल.